कोरडे राहिलेले डबे

१

शुक्रवारी एक जहाज बुडालं. समुद्रापासून लांब, सुरतेहून चलथाणच्या वाटेवर, उसाच्या शेतांना लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कंबरभर पाण्यात बुडालं, आणि तेही पाहुण्यांसमोर.

जहाज खाटेएवढं होतं, सागवानी. आखातापलीकडे माणसं नेणारी एक बोट बांधायची होती, तिची ही प्रतिकृती. पाण्याच्या लांबलचक हौदात तिला सोडायचं, हौदाच्या एका टोकाची फळी जुन्या मागाच्या मोटरवर पुढेमागे हलवून लाटा उठवायच्या, आणि खवळलेल्या समुद्रात खरी बोट कशी वागेल ते बघायचं, असा तो खटाटोप. आधीच्या आठवड्यात ती झकास तरंगली होती. शुक्रवारी मात्र लाटा सुरू झाल्या न झाल्या तोच कलंडली आणि पालथी झाली. बोट घेणाऱ्या कंपनीची माणसं चहा न घेता निघून गेली.

हे सगळं मला प्राजक्तानं सांगितलं. ती माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि जहाजांचे आराखडे करते. मूळची चिपळूणची. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बुधवारी गावी गेली होती, ती शुक्रवारी सकाळी स्टेशनवरून थेट शेडमध्ये पोचली आणि स्वतःचं जहाज बुडताना बघून परत आली. बॅग अजून हातातच होती.

माझं नाव अरुणा. मी बँकेत तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांच्या शाखांमध्ये जाऊन नको ते प्रश्न विचारायची नोकरी, त्यामुळे मैत्रिणी जमल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत जायचं ठरलं होतं, पण माझे यजमान चंद्रकांत अडाजणच्या याच घरात वारले आणि मग मला हे घर सोडवेना. आता दिवसभरात माझ्याशी दोनच माणसं बोलतात. एक पाण्याचा जार आणणारा, त्याच्याशी माझं भांडणच होतं. दुसरी प्राजक्ता.

तिला कोचीच्या एका गोदीत नोकरी लागली होती. इथले मालक हर्षदभाई चार बरे शब्द सांगतील, मग पत्र मिळेल, एवढंच बाकी होतं. आणि हर्षदभाईंचं म्हणणं होतं की जाता जाता हिनंच घात केला. सोमवारपर्यंत कबूल कर, नाहीतर कोचीला काय ते कळवतो, असं त्यांनी बजावलं होतं.

आता माझा स्वार्थही सांगून टाकते. ती दोषी ठरली तर चिपळूणला जाणार आणि निर्दोष ठरली तर कोचीला. काही झालं तरी समोरच्या दाराला कुलूप लागणारच होतं. मग तू कशाला यात पडतेस, असं मी स्वतःला विचारून बघितलं. तरी शनिवारी सकाळी मी रिक्षा केली.

२

शेडची किल्ली सुताराकडे असते. योगेंद्र त्याचं नाव, प्रतिकृती त्यानंच घडवलेली. मला दार उघडून देताना त्यानं आधीच हात वर केले. त्याचं काम लाकडापुरतं, आत काय भरायचं ते ऑफिसवाले बघतात. गुरुवारी दुपारी ऑफिसातल्या केदारनं एकट्यानं वजनं भरली, ते योगेंद्रनं बघितलं होतं. शुक्रवारपर्यंत दुसरं कुणी शेडमध्ये आलं नाही, आणि बोट बुडाल्यावर हौदाच्या तळातलं सामान त्यानंच बाहेर काढलं.

काय काय निघालं, ते मी विचारलं. वाळूच्या पिशव्या निघाल्या, तो म्हणाला, नुसत्या पिशव्याच.

प्राजक्तानं मला आदल्या रात्री समजावलं होतं. जहाज बांधून झाल्यावर ते वादळात कसं डुलतं हे कळून उपयोग नाही, तोवर पोलाद कापलेलं असतं. म्हणून आराखडा कोवळा असतानाच आधी गणितानं आणि मग अशा प्रतिकृतीनं त्याला लाटांमध्ये घालून बघायचं. त्यात खरी गोम वजनांची. खऱ्या बोटीत जे जड असेल ते तेवढ्याच हिशेबानं आणि त्याच जागी प्रतिकृतीत हवं. जड सामान तळाशी असेल तर बोट कलली तरी उठते, वर गेलं तर उठायला आळस करते. तळासाठी तिनं शिसं भरलेले रंगाचे डबे केले होते, वरच्या मजल्यावरच्या माणसांसाठी वाळूच्या पिशव्या. आधीच्या आठवड्यात हे सगळं तिनं एकटीनंच भरलं होतं.

ते डबे मला फळीवर दिसले. रांगेत मांडलेले, कोरडे, झाकणांवर बारीक धूळ. शुक्रवारी ते पाण्यात गेलेच नव्हते. म्हणजे बोट तळाचं वजन न घेताच हौदात उतरली होती. तरी ती अंगावर आखलेल्या रेघेपर्यंत पाण्यात बसली होती, कारण कुणीतरी वर जास्तीच्या पिशव्या रचल्या होत्या.

तेवढ्यात हर्षदभाई आले. उंच, दमलेला माणूस. त्यांनी मला नमस्कार केला, एक डबा उचलून माझ्या हातात दिला आणि माझं मनगट खाली गेलं.

"अक्षर कोना छे, अरुणाबेन? प्राजक्ताना. हवे वांचो."

डब्यावर मार्करनं एकच शब्द लिहिला होता: खाली. अक्षर तिचंच. दर दिवाळीला ती माझ्या दाराशी शुभेच्छा लिहिते, ते मी ओळखते. मी वाचलं आणि बरं मग, असं म्हटलं.

हर्षदभाई माझ्याकडे असे बघत राहिले, जणू खटला तिथेच संपला. एवढा जड डबा, आणि तिनं स्वतःच्या हातानं हे लिहिलं, ते म्हणाले, अजून काय पुरावा पाहिजे? मला त्यांचा विजय कशात आहे तेच कळेना. तळाशी ठेवायचा डबा जडच असणार आणि त्यावर तसं लिहिलेलंही असणार. या पुराव्यानं तर उलट केदारच अडकत होता.

३

केदारचं घर उधन्याला. आजोबा अमळनेरहून मागावर कामाला आले, तेव्हापासून हे लोक सुरतेचेच. केदार इथेच जन्मला, गुजराती शाळेत शिकला, पुढे इंजिनिअर झाला. दार त्याच्या आईनं उघडलं, जयश्रीबाईंनी. खोलीत सतरंजी होती आणि मी सवयीनं तीवर टेकायला गेले.

"ताई, खाले नका बठू, खुर्चीवर बठा," त्या म्हणाल्या, आणि पंखा माझ्याकडे वळवला.

केदार अंघोळीला गेला होता. तेवढ्यात त्यांनी मला देवाच्या फोटोमागून एक कार्ड काढून दाखवलं. त्यानं प्राजक्ताच्या वाढदिवसाला मराठीत चार ओळी लिहून दिल्या होत्या. तिनं त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या, खाली दहापैकी साडेचार गुण दिले आणि कार्ड परत केलं, सगळ्या ऑफिससमोर. तिनं गंमतच केली असणार, ती तशीच आहे. पण शाळेतल्या मास्तरासारखा तो लाल पेन बघून मीही कार्ड उलटं करूनच त्यांना परत दिलं.

"तवयपासून त्यानी तिच्याशी बोलनंच सोडी दिधं," आई म्हणाल्या. दोघं एकाच शेडमध्ये काम करत होते आणि महिनाभर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणूनच गावी जाताना प्राजक्तानं काय कुठे ठेवायचं ते त्याला फोनवर न सांगता डब्यांवर लिहून ठेवलं होतं.

केदार आला. ओले केस, शर्टाची बटणं घाईत लावलेली. मी तपासणी खात्याच्या आवाजात विचारलं आणि तो सरळ उत्तरं देत गेला. हो, वजनं त्यानंच भरली. पिशव्या वर रचल्या. बोट रेघेपर्यंत बसेना, तशा अजून चढवल्या. रेघ गाठायची हा नियमच आहे. डब्यांना त्यानं हात लावला नाही.

का नाही लावला?

"त्यांच्यावर लिहिलं होतं, मावशी. तिच्याच हातानं."

मी म्हटलं, काय लिहिलंय ते मी वाचून आले आहे. तेव्हा त्यानं मान खाली घातली. बोट बुडाल्यावर त्यानं पहिल्यांदा एक डबा उचलून बघितला होता. आपल्यासोबत कुणी असं का करावं, ते त्याला कळलं नव्हतं. मलाही तो काय बोलतोय ते कळलं नाही. माझ्या नोकरीत असे नजर चुकवणारे कारकून मी पुष्कळ बघितले होते, आणि मनातल्या मनात मी त्याला त्यांच्या रांगेत बसवून मोकळी झाले.

त्यानंच मला स्कूटरवर घरी सोडलं. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तो म्हणाला, "पार्किंग खाली आहे, गाडी आत घेतो."

पार्किंग खालीच असतं रे बाबा, गच्चीवर कुणी गाड्या लावतं का, मी म्हटलं. तो ओशाळून हसला. विनोद न कळलेला माणूस हसतो, तसं.

संध्याकाळी मी प्राजक्ताला सांगितलं की कार्डाचा राग काढला पोरानं, डबे मुद्दाम ठेवले. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती उठून खिडकीशी गेली.

"केदार तसं करणार नाही, काकू," ती म्हणाली. "मला बुडवायला तो बोट बुडवेल, हे मला पटतच नाही."

आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि किती दिवसांनी आपण कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवतोय, असा भलताच विचार माझ्या मनात आला.

४

रविवारी मी डोकं धरून बसले होते. सगळं केदारकडे बोट दाखवत होतं आणि तरी काहीतरी जुळत नव्हतं.

ज्याला बोट बुडवायची आहे, तो डबे लपवतो. केदारनं ते सगळ्यांना दिसतील असे फळीवर राहू दिले होते. आणि प्राजक्तानं जर काही लबाडी लिहिली असती, तर शुक्रवारच्या गोंधळात डब्यांवरची अक्षरं पुसून टाकणं एका फडक्याचं काम होतं. तिनं ती पुसली नव्हती. दोघांनीही आपापला पुरावा जपून ठेवला होता, आणि दोघंही म्हणत होते, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. हर्षदभाईही तेच म्हणत होते. वाचून त्यांना प्राजक्ता चोर वाटली आणि मला केदार.

बेल वाजली. जारवाला होता, नवा भरलेला जार खांद्यावर घेऊन. तो नेहमी जार ओट्यावर चढवतो आणि मग मला तो हलवता येत नाही.

"आज खाली ठेव," मी म्हटलं.

तो दारातच थांबला. त्यानं खांद्यावरच्या जारकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या जारकडे, मग माझ्याकडे.

"पण आ तो भरेलो छे, बेन. भरेलो के खाली?"

रोजच्यासारखं ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"पुन्हा बोल," मी त्याला म्हटलं.

त्यानं घाबरत घाबरत तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्या दिवशी आमचं पहिल्यांदाच भांडण झालं नाही.

५

सोमवारी मी चौघांनाही शेडमध्ये बोलावलं. हर्षदभाई पाठीमागे हात बांधून, योगेंद्र दाराशी, आणि हौदाच्या दोन टोकांना प्राजक्ता आणि केदार. मी एक डबा मधोमध ठेवला.

पहिल्यांदा हर्षदभाईंना विचारलं, या शब्दाचा अर्थ काय?

"खाली एटले खाली," ते वैतागून म्हणाले. "अंदर कंई नथी."

मग प्राजक्ताला विचारलं. ती मात्र हर्षदभाईंकडे बघत राहिली होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"खाली म्हणजे खाली," ती हळूच म्हणाली. "तळाशी."

केदार एका ओंडक्यावर बसला.

पुढचं मी थोडक्यात सांगितलं. चिपळूणच्या मुलीनं डबे तळाशी ठेवायचे म्हणून खाली लिहिलं. ते सुरतेत वाढलेल्या मुलानं वाचलं, आणि सुरतेत खाली म्हणजे रिकामं. रिकामे डबे कोण कशाला बोटीत भरेल? त्यानं ते उचलूनही बघितले नाहीत, धूळ तशीच होती. त्याच्या घरी खालच्या जागेला खाले म्हणतात, हे मी त्याच्या आईच्या तोंडून ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. पार्किंग खाली आहे म्हणजे जागा मोकळी आहे, हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा मी त्याचीच चेष्टा केली. हर्षदभाईंनी माझ्या हातात जड डबा दिला तो यासाठीच, की रिकामा लिहिलेला डबा भरलेला निघाला. मी सातारची, मला त्यात एकच अर्थ दिसला. इथे सगळे खरंच बोलत होते.

"पण विचारायचं ना एकदा," हर्षदभाई केदारला म्हणाले.

त्याला उत्तर केदारऐवजी मी दिलं. मराठी शब्दाचा अर्थ त्यानं कुणाला विचारायचा होता? जिनं त्याला दहापैकी साडेचार गुण दिले होते, तिला?

प्राजक्तानं मान फिरवली.

हर्षदभाईंना एकदम हायसं वाटलं. डबे घाला, पाहुण्यांना परत बोलवा, बोट चांगलीच आहे, असं म्हणत त्यांनी खिशातून फोन काढलासुद्धा. माझंही काम संपलं होतं. पण प्राजक्ता त्या डब्याजवळ उकिडवी बसली होती आणि त्याच्यावरून बोट फिरवत होती.

"हे डबे म्हणजे बोटीच्या तळातल्या टाक्या," ती म्हणाली. "डिझेलच्या आणि गोड्या पाण्याच्या."

मग काय झालं, हर्षदभाईंनी विचारलं.

"संध्याकाळच्या परतीच्या फेरीला त्या खाली असतील," हौदाच्या त्या टोकाकडून केदार म्हणाला.

"कुठलं खाली?"

"त्याचं खाली," प्राजक्ता म्हणाली. मग तिनं महिन्यानंतर पहिल्यांदा केदारकडे बघितलं. "तुझं."

सगळ्यांनाच कळायला एक क्षण लागला. सुरुवातीच्या आराखड्यात तिनं बोट भरलेल्या टाक्यांनिशीच धरली होती. बाकीच्या स्थिती पुढे बघू, आधी गिऱ्हाईक तर पटू दे, असं हर्षदभाईंनी सांगितलं होतं. परतताना मात्र टाक्या आटलेल्या असणार, आणि किनारा दिसला की माणसं वरच्या मजल्यावर गर्दी करणार. तळ हलका, माथा जड. केदारनं चुकून नेमकी तीच बोट हौदात सोडली होती.

चुकून आणि जरा जास्तच, हर्षदभाईंनी लगेच पकडलं, त्यानं पिशव्याही वाढवल्या होत्या. ते खरं होतं. म्हणून दोघांनी मिळून ती पुन्हा भरली, या वेळी डबे न घालता, आणि पिशव्या फक्त माणसांच्या वजनाच्या. ती दे, ही घे, एवढंच बोलत होते, पण बोलत होते. योगेंद्रनं मोटर लावली आणि फळी हलायला लागली.

बोट पालथी झाली नाही. पहिल्या काही लाटा तिनं पेलल्या. मग प्रत्येक लाटेला ती थोडी जास्त कलायला लागली आणि एकदा तर तिची कड पाण्याखाली गेली. ती तशीच अडकल्यासारखी राहिली, उठायचं की नाही ते ठरवत असल्यासारखी. मग सावकाश उठली. त्या वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी असलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला तिथे उभं राहवेना.

हर्षदभाईंनी स्वतः जाऊन मोटर बंद केली. मग म्हणाले, रुंदी वाढवा, वरचा मजला छोटा करा. अजून कागदावरच आहे. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगतो.

कोचीला त्यांनी तिथूनच फोन केला. प्राजक्ताबद्दल ते इतकं चांगलं बोलले, की मला त्यांचा राग आला.

निघताना प्राजक्तानं केदारला विचारलं, ते कार्ड आहे का तुझ्याकडे? मला परत हवंय. तो म्हणाला, नाही, फेकून दिलं. तो खोटं बोलत होता आणि हे तिथे फक्त मलाच माहीत होतं. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडून मी पगार घेतला. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण ते कार्ड आता देवाच्या फोटोमागेच राहावं, असं मला वाटलं.

६

प्राजक्ता गेली. स्टेशनवर मी गेले नाही, मला फलाटावर हात हलवता येत नाही. तिनं तिची मनीप्लँटची बाटली माझ्याकडे ठेवली आणि कोचीला पोचल्यावर फोन केला. तिथे सगळं छान आहे म्हणाली, फक्त मराठीत बोलायला कुणी नाही. बोटीची रुंदी वाढवलेला आराखडा केदारनं तिला पाठवला होता. बरोबर निघाला, ती म्हणाली. बरोबर हा शब्द तिनं जरा सांभाळून उच्चारला.

मग एक दलाल आला. सामेनो फ्लॅट खाली छे ने, बेन, असं त्यानं समोरच्या कुलपाकडे बोट दाखवून विचारलं. मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्या शब्दानं आता मला दोन्हीकडून टोचायला सुरुवात केली होती.

रविवारी दुपारी फोन वाजला. केदार होता.

"मावशी, मी खाली आहे."

मी खिडकीशी गेले. फाटकाजवळ त्याची स्कूटर उभी होती, तो तिच्यावर बसून वर बघत होता, आमच्या मजल्याकडे. माझ्या खिडकीकडे नाही, प्राजक्ताच्या बंद खिडकीकडे.

"कुठलं खाली रे?" मी विचारलं.

त्यानं नजर माझ्या खिडकीकडे वळवली.

"दोन्ही," तो म्हणाला.

"मग वर ये," मी म्हटलं, आणि दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.